फोन दुसऱ्याच्या हातात का जातो?

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून गावदेवीकडे चालत निघा, नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये एक चक्कर मारा. झेरॉक्सच्या दुकानांवर एकच मजकूर निरनिराळ्या रंगांत लिहिलेला दिसतो: 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' खाली यादी असते: पॅन, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, रेल्वे तिकीट, वीजबिल. शेवटची ओळ तर मासलेवाईक: 'फोटो कमी केबीत करून मिळेल.' या सगळ्या सेवा जाहिरातींत 'घरबसल्या, एका क्लिकवर' मिळणाऱ्या असतात. घरबसल्या मिळणाऱ्या सेवेसाठी माणूस घराबाहेर पडतो, रांगेत उभा राहतो आणि वर पैसे मोजतो. आपल्या डिजिटल कारभाराचा याहून प्रामाणिक अहवाल कुठल्या कार्यालयात मिळणार नाही.

डिझाइनच्या जगात सध्या 'साधं' आणि 'माणूसकेंद्री' या दोन शब्दांची चलती आहे. प्रत्येक निविदेत, प्रत्येक सादरीकरणात ते असतात. पण साधेपणा मोजायचा कशाने, हे कोणी सांगत नाही. स्क्रीनवर किती कमी गोष्टी आहेत, मधली मोकळी जागा किती, रंग किती शांत, यावरून तो मोजला जातो. ही मोजपट्टीच चुकीची आहे. खरी मोजपट्टी एकच: काम पुरं होईपर्यंत फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला का? मुलाच्या, शेजारणीच्या, सोसायटीच्या मॅनेजरच्या किंवा त्या दुकानदाराच्या. द्यावा लागला असेल तर स्क्रीन कितीही देखणी असो, ती सोपी नाही.

आणि फोन दिला की फोनच जात नाही. ओटीपी जातो, पासवर्ड वहीत लिहिला जातो, आधारचा फोटो दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये कायमचा राहतो. त्याहून वाईट म्हणजे घाईच्या वेळी खातं दुकानदाराच्या मोबाइल नंबरवर उघडलं जातं. पुढच्या वर्षी दाखल्याचं नूतनीकरण करायला गेलं की ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि नागरिक स्वतःच्याच खात्याबाहेर उभा असतो. 'युजर अनुभव' हा शोभेचा विषय नाही, तो ओळखीच्या चोरीचाही विषय आहे.

संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांचं एक निरीक्षण या धंद्यात नियमासारखं वापरलं जातं. कुठल्याही कामात एक गुंतागुंत मुळातच असते. ती नाहीशी करता येत नाही, ती कोणी सोसायची एवढंच ठरवता येतं. बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने? आजच्या साधेपणाच्या फॅशनची खोड इथे आहे. स्क्रीन मोकळी दिसते कारण ओझं पलीकडे ढकललेलं असतं.

ते ओझं कसं ढकललं जातं, हे कमी केबीच्या फोटोवरून अगदी जवळून पाहता येतं. अर्जात लिहिलेलं असतं: कागदपत्र ५०० केबीच्या आत, फोटो २० केबीच्या आत, फक्त जेपीजी. आजच्या साध्यातल्या साध्या फोनचा कॅमेरा रेशनकार्डाचा फोटो काढतो तो तीन-चार एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या सहा-आठ पट. आता अर्ज भरणारी बाई काय करणार? 'फोटो लहान करा' असं शोधून जाहिरातींनी भरलेलं एखादं ॲप उतरवते. ते फोटो लहान करतं ते इतकं, की कार्डावरचा नंबर वाचता येत नाही. अर्ज जातो आणि आठवड्याने 'कागदपत्र अस्पष्ट' या शेऱ्यासह परत येतो. आयफोनवरून काढलेला फोटो तर बऱ्याचदा जेपीजी नसतोच. तो हीक नावाच्या प्रकारात साठतो, आणि साइट फक्त 'अवैध फाइल' म्हणते.

हे सगळं टाळायला काय लागतं? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या काही ओळी. फोटो निवडला की फोननेच त्याची लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणायची, जेपीजीचा दर्जा ७० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. कागदाचा फोटो बहुतेक वेळा ५०० केबीच्या आत बसतो आणि अक्षरंही वाचता येतात. नाही बसला तर दर्जा पाच-पाच टक्क्यांनी उतरवत पुन्हा प्रयत्न. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसायला नको. त्याला दिसावी ती फक्त फोटोची छोटी प्रत आणि एक प्रश्न: 'नंबर नीट वाचता येतोय का?' म्हणजे हे काम एका प्रोग्रॅमरने एकदा करायचं. ते त्याने केलं नाही म्हणून शहरातल्या प्रत्येक अर्जदाराला करावं लागतं, आणि त्याचं एक दुकान उभं राहतं.

फॉर्ममधल्या बाकीच्या खोड्याही याच जातीच्या. पत्ता घ्या. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या प्रत्येक उपनगरात, पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळात आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्येही आहे. तरीही फॉर्म आधी 'गल्ली / रस्त्याचं नाव' सक्तीने विचारतो (जे तिथे कोणी सांगत नाही) आणि नोडसाठी वेगळी जागाच ठेवत नाही. लोक मग रस्त्याच्या जागी 'सेक्टर १०' लिहितात, शहर म्हणून 'नवी मुंबई', आणि कुरिअरवाला फोन करून विचारतो, 'कुठला सेक्टर १०?' सिडकोच्या जुन्या घरांचे नंबर बी-३/१२/४ अशा धाटणीचे. फॉर्म म्हणतो 'विशेष चिन्हं चालणार नाहीत'. ही बंदी बहुधा डेटाबेसवर हल्ला होऊ नये म्हणून घातलेली असते. पण त्यावरचा खरा उपाय म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम आणि लोकांनी टाइप केलेली माहिती वेगवेगळी पाठवणं. तिरकी रेघ बंद करून हल्ला थांबत नाही, पत्ता मात्र चुकतो. याउलट पिनकोड आधी घेतला आणि त्यावरून नोड सुचवला, तर टायपिंगही वाचतं आणि चूकही.

जन्मतारखेला कॅलेंडर दाखवणं हा आणखी एक लोकप्रिय अविचार. पुढच्या आठवड्याची भेट ठरवायला कॅलेंडर उत्तम. पण १९५८ चा जन्म असलेल्या माणसाला महिन्याचा बाण मागे मागे दाबत न्यायचा म्हणजे आठशेच्या वर वेळा दाबायचा. वरच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं तर यादी उघडते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी आणि आकड्यांचा कीबोर्ड: ब्रिटिश सरकारच्या सेवांनी माणसाला पाठ असलेल्या तारखा विचारण्यासाठी हीच पद्धत ठेवली आहे. ती दिसायला जुनाट आहे आणि चालते.

आकड्यांवरून आठवलं. मराठी कीबोर्ड सुरू असलेल्या फोनवर मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाइप होऊ शकतो. माणसाच्या डोळ्यांना १ म्हणजे एक. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, देवनागरी एक आणि इंग्रजी एक ही दोन निराळी चिन्हं आहेत, आणि फॉर्म तपासणारा नेहमीचा कोड फक्त इंग्रजी दहा आकडे ओळखतो. परिणाम: बरोबर नंबर टाकूनही 'वैध मोबाइल क्रमांक टाका'. माणूस तोच नंबर पुन्हा टाकतो, पुन्हा तीच लाल ओळ, मग फोन मुलाकडे. उपाय एका ओळीचा आहे: आलेला प्रत्येक देवनागरी आकडा गुपचूप इंग्रजीत बदलून घ्यायचा. मराठी माणसांच्या शहरातल्या साइटवर हे नसणं हा निष्काळजीपणाच म्हणायचा.

ओटीपीचं दुखणं वेगळं आहे. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर ब्राउझर सोडून मेसेज बघायला गेलं की मागचं पेज मेमरीतून जाऊ शकतं. परत यावं तर पेज नव्याने उघडतं आणि भरलेले तीस रकाने रिकामे. त्यात सहा आकड्यांसाठी सहा वेगळ्या चौकटी करायची फॅशन. त्यांत कॉपी केलेला ओटीपी अनेकदा पेस्टच होत नाही. एकच चौकट ठेवावी, ओटीपी आपोआप सुचवण्यासाठी ब्राउझरला लागते ती खूण कोडमध्ये द्यावी, भरलेलं सगळं प्रत्येक रकान्यानंतर फोनमध्येच कच्चं साठवावं. वेळ संपणार असेल तर वेबसाठीच्या जागतिक सुलभता निकषांत स्पष्ट सांगितलंय: किमान २० सेकंद आधी सूचना द्या आणि एका साध्या कृतीत मुदत वाढवू द्या. कळवा पुलावर नेटवर्क गेलं म्हणून कोणाचा अर्ज मरता कामा नये.

आता फॅशनकडे. २०१३ मध्ये आयफोनने उठावदार बटणं टाकून सपाट रूप घेतलं आणि जगभरच्या ॲपनी ते उचललं. बटण कुठलं आणि नुसता शब्द कुठला, हे तेव्हापासून ओळखावं लागतं. २०२५ मध्ये त्याच कंपनीने काचेसारखी पारदर्शक मांडणी आणली. मागचं चित्र पुढच्या अक्षरांतून डोकावू लागलं, वाचता येत नाही अशी ओरड झाली आणि दोनेक महिन्यांतच पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय द्यावा लागला. गूगलने त्याच वर्षी उलट दिशा धरली: महत्त्वाचं बटण मोठं, ठळक, वेगळ्या रंगाचं. यातलं काय टिकेल ते टिको. इथल्या डिझायनरांची अडचण अशी की मोठ्या कंपन्यांची सजावट ते उचलतात, त्यामागची तपासणी उचलत नाहीत.

भर दुपारी घोडबंदर रोडवर बसथांब्यावर उभं राहून फिकट करडी अक्षरं वाचून बघावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालेल, असं तेच सुलभता निकष सांगतात. डिझायनरांची लाडकी ९९९ क्रमांकाची करडी छटा पांढऱ्यावर २.८५ वर अडकते. ७६७६७६ ही जराशी गडद छटा जेमतेम पास होते. हे तपासायची फुकट साधनं आहेत, अर्धा मिनिट लागतं. तसंच बटणाचं माप. त्या निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, अधिक कडक पातळीला ४४ बाय ४४. लोकलमध्ये एक हात कडीला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर, अशा माणसासाठी २४ हे माप फार कंजूष आहे. ४४ खाली जाऊ नये, आणि मुख्य बटण स्क्रीनच्या तळाशी, अंगठा पोचेल तिथे असावं.

चित्रांचं तर विचारूच नका. तीन आडव्या रेघा, तीन उभे ठिपके, घंटा, दात्यांचं चाक. जागा वाचते म्हणून खालचे शब्द काढून टाकतात. 'तक्रार' हे बटण तीन रेघांच्या मागे गेलं की तक्रारी कमी होतात, आणि अहवालात ते यश म्हणून दाखवता येतं! चित्राखाली दोन अक्षरांचा शब्द लिहायला एवढा संकोच का, हे कळत नाही.

शब्द लिहिले जातात तेव्हा मात्र भलतंच होतं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला; बटणावर अजून 'प्रविष्ट करा' आहे. ठाण्यात, नव्या मुंबईत, कुठेही जा, कोणी म्हणतं का, 'जरा तुझा नंबर प्रविष्ट कर'? लोक म्हणतात 'टाक'. 'सत्यापित करा' नाही, 'तपासा'. 'देयक' नाही, 'बिल'. 'अपलोड करा', 'डाउनलोड करा', 'सेव्ह करा' सगळ्यांना कळतं, त्यांना खुशाल राहू द्यावं. शुद्ध शब्दाचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण ज्याच्या दाखल्याची मुदत उद्या संपतेय त्याला तो शिकवायची ही जागा नाही.

ही भाषा अशी का होते, याचं कारण कारखान्यात आहे. ॲपमधले शब्द भाषांतरकाराला एक्सेलच्या यादीत सुटे मिळतात. कोणता शब्द कुठल्या स्क्रीनवर, कशाच्या शेजारी येणार, काही माहीत नसतं. मग भरलेलं पुसायच्या बटणावर 'स्पष्ट' असं छापून येतं, कारण 'क्लिअर' या इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. 'अर्ज रद्द करायचा आहे का?' या प्रश्नाखाली दोन बटणं येतात: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. रद्द करणं रद्द की अर्ज रद्द? तिथे 'हो, अर्ज रद्द करा' आणि 'नको, परत जाऊ' असं लिहिलं की गोंधळ संपला. तिसरी गडबड लिंगाची. प्रोग्रॅमर साचा लिहितो: 'तुमची अमुक सादर झाली.' अमुकच्या जागी तक्रार आली तर ठीक, अर्ज आला की 'तुमची अर्ज सादर झाली'. इंग्रजीला हे चालतं, मराठीला नाही. प्रत्येक सेवेचं पूर्ण वाक्य वेगळं लिहून घ्यायचं, एवढाच उपाय, आणि भाषांतरकाराला यादीऐवजी स्क्रीनचे फोटो द्यायचे.

देवनागरी अक्षरांनाही इंग्रजीचे मापाचे कपडे घातले जातात. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी मजकुराला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट पुरते, देवनागरीला १.६ ते १.७५ पट लागते. ती दिली नाही की 'मार्कांची' मधलं वरचं सगळं बटणाच्या कडेला कापलं जातं. इंग्रजी शीर्षकात अक्षरं थोडी सुटी करतात, तेच देवनागरीला केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द गळलेल्या दातांसारखा दिसतो. लहान आकारात अतिठळक वजन वापरलं की अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली, तर चांगले फॉन्ट ल आणि श मराठी वळणाने दाखवतात. नोंद नसली तर हिंदी वळण येतं. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण परकं वाटतं.

शोधखिडकीतली एक गंमत तर कितीतरी प्रोग्रॅमरांना ठाऊकच नसते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे. 'ॲप' चंही तसंच. जुन्या कीबोर्डवर नोंदवलेलं नाव नव्या फोनवरून शोधलं की 'नोंद आढळली नाही'. युनिकोडचं नेहमीचं एकसारखं करण्याचं सूत्र इथे पुरत नाही. मराठीसाठी हे नियम वेगळे लिहावे लागतात. नावाच्या रकान्याची मर्यादाही अशीच. 'क्षितिज' ही आपल्याला तीन अक्षरं, संगणकाला सात चिन्हं, साठवताना एकवीस बाइट. वीस बाइटांचा रकाना ठेवणाऱ्याने क्षितिजचा विचारच केलेला नसतो.

एसएमएसचं गणितही लक्षात घ्यायला हवं. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०; त्याहून लांब झाला की ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. म्हणून कार्यालयं इंग्रजीत संदेश पाठवतात आणि म्हणतात मराठी परवडत नाही. पण 'मालमत्ता कर ₹४,२१० भरला. पावती क्र. ८८२१.' हा संदेश ४१ चिन्हांत बसतो. परवडत नाही ते मराठी नव्हे, 'आपणांस कळविण्यात येते की' ही सुरुवात.

चांगलं डिझाइन आपल्याकडे होत नाही असं मुळीच नाही. ते फक्त डिझाइनच्या प्रदर्शनांत दिसत नाही. जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्याच्या गाड्यावर पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा असतो. त्या माणसाचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइकं, फोन खिशात. त्याला स्क्रीन बघायला वेळ नाही, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क बनावट असू शकतो. डबा त्याच्या भाषेत रक्कम मोठ्याने सांगतो, ती गिऱ्हाइकालाही ऐकू जाते, वाद मिटतो. स्क्रीन सुधारण्याऐवजी ती काढूनच टाकली. हा खरा साधेपणा.

दुसरं उदाहरण यूपीआयचं. 'पैसे मागा' या सोयीचा भामट्यांनी वर्षानुवर्षं वापर केला. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जुना सोफा विकायला काढणाऱ्याला विनंती यायची, तो 'पैसे येतायत' समजून पिन टाकायचा आणि पैसे जायचे. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' अशा सूचना किती झाल्या! शेवटी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ती सोयच बंद केली. त्याआधी ३० जून २०२५ पासून पाठवण्यापूर्वी बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवणं बंधनकारक झालं; फोनमध्ये 'काका' म्हणून साठवलेलं नाव दाखवून चालत नाही. दोन्ही निर्णय डिझाइनचेच आहेत, जरी कोणी त्यांना तसं म्हणत नसलं तरी. माणूस सूचना वाचत नाही असा दोष त्याला देण्याऐवजी खड्डाच बुजवला.

कायदाही आता मागे नाही. फसव्या डिझाइनविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले: खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीचा सापळा वगैरे. सरकारी साइटसाठी मार्गदर्शक नियम २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. अपंग व्यक्तींचा २०१६ चा हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. ते प्रकरण डोळे मिचकावून ओळख पटवायच्या सक्तीवरून उभं राहिलं होतं. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्यांना आणि अंधांना बँक खातंसुद्धा उघडता येत नव्हतं. एका डिझायनरने 'डोळे मिचकवा' असं लिहिताना एक शरीर गृहीत धरलं होतं, एवढीच ती गोष्ट.

तरी पालिका आणि मंडळांच्या पातळीवर यातलं फारसं उतरत नाही, कारण निविदेत मोजता येईल असं काही लिहिलेलं नसतं. 'वापरण्यास सुलभ, आकर्षक व प्रतिसादक्षम' एवढं लिहून भागतं. ठेकेदार मुखपृष्ठावर मान्यवरांचे सरकते फोटो लावतो, एका फोटोचं वजन दोन एमबी, आणि 'आकर्षक' पुरं होतं. 'प्रक्रियाधीन' हा शब्द दाखवून अर्जाची स्थितीही पुरी होते. खरंतर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, अपिलाची सोय आहे. मग स्क्रीनवर 'प्रक्रियाधीन' ऐवजी 'अर्ज अमुक अधिकाऱ्याकडे आहे, १८ तारखेपर्यंत निकाल मिळायला हवा, न मिळाल्यास इथे अपील करा' असं का दिसू नये? तांत्रिक अडचण यात शून्य आहे. अडचण दुसरी आहे, आणि ती डिझायनर सोडवू शकत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: ही तरुणांची शहरं, ऐरोलीच्या आयटी पार्कांत निम्मं जग कोड लिहितंय, दहा वर्षांत प्रश्न आपोआप सुटेल. सुटणार नाही. पस्तिशीतला इंजिनीअरही ताप आलेल्या मुलाला कडेवर घेऊन फॉर्म भरतो तेव्हा त्याच्याकडे एकच हात आणि अर्धं लक्ष असतं. चाळिशी लागली की बारीक करडी अक्षरं त्यालाही दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: फॉर्म भरणाऱ्या दुकानदारांचं पोट त्यावर आहे आणि ते लोकांना खरोखर मदत करतात. मान्य. मदत बंद करायचीच नाही, ती उजेडात आणायची. साइटवर 'मदतनीस' म्हणून वेगळं लॉगिन असावं. दुकानदार स्वतःच्या नावाने आत येईल, अर्ज नागरिकाच्या खात्यात भरेल, खातं नागरिकाच्याच नंबरवर राहील, ओटीपीच्या संदेशात 'अमुक केंद्र तुमच्या वतीने उत्पन्नाचा दाखला मागत आहे' असं मराठीत येईल, आणि काम संपलं की त्याचा प्रवेश बंद. दर काय आहे तेही त्याच संदेशात. कार्यालयातली खिडकीही चालू राहिली पाहिजे. ऑनलाइन सोय हे खिडकी बंद करण्याचं निमित्त होऊ नये. चॅटबॉट आणि बोलून भरायचे फॉर्म हा नवा उत्साह आहे, त्यालाही ही अट लागू. लोकलच्या भरल्या डब्यात आधार नंबर मोठ्याने बोलायला लावणारी सोय कोणाच्या कामाची? बोलण्यासोबत टाइप करायचा पर्याय आणि माणसापर्यंत पोचवणारा एक नंबर, दोन्ही पहिल्याच स्क्रीनवर हवेत.

मग निविदेत काय लिहायचं? शेवटचा हप्ता देण्यापूर्वी चाचणी, आणि ती ठेकेदाराच्या वातानुकूलित खोलीत नाही. जेकब नीलसन या तज्ज्ञाने २००० मध्ये मांडलेला हिशेब अजून उपयोगी आहे: एका फेरीत पाचच माणसं बसवा, बहुतेक मोठे दोष त्यांतच दिसतात, दोष दुरुस्त करा आणि पुन्हा पाच बसवा. तीन फेऱ्या, प्रत्येकी अर्धा दिवस. माणसं नागरी सुविधा केंद्राच्या बाकावर बसलेलीच असतात: साठी उलटलेले एक, चष्मा विसरून आलेलं एक, फक्त मराठी वाचणारं एक, स्क्रीनरीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारं एक, आणि एक घाईत असलेलं. त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचे पैसे द्यावेत. फोन दहा हजारांच्या आतला, वायफाय बंद, मोबाइल डेटावर. अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये सगळ्यात मोठा करून एक खेप, बाहेर उन्हात एक खेप.

कामं तीन द्यावीत, स्क्रीनवरचे शब्द न वापरता. 'मालमत्ता कर पेमेंट करा' असं नाही, तर 'या घराचं या वर्षाचं पालिकेचं बिल किती आहे ते बघा आणि पावती मिळवा' असं. (बिल चाचणीपुरतं खोटं असावं, हे सांगायला नको.) शेजारी बसणाऱ्याने हात मांडीखाली ठेवावेत, हे थट्टेत वाटतं, पण पाचव्या मिनिटाला प्रत्येकाचं बोट आपोआप स्क्रीनकडे जातं, आणि ते गेलं की चाचणी संपली. नोंदवायच्या गोष्टी थोड्या: काम पुरं झालं का, किती वेळा मागे जावं लागलं, फोन शेजाऱ्यापुढे धरला का आणि कुठल्या स्क्रीनवर. पंधरापैकी बारा जणांनी कोणाच्याही मदतीशिवाय काम पुरं केलं नाही, तर हप्ता नाही.

आणि माणसाने मान वर करून 'हे काय म्हणतंय?' असं विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच परत विचारायचं, आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. 'म्हणजे इथे बिलाचा नंबर टाकायचा का?' असं तो म्हणाला, तर रकान्याचं नवं नाव तयार आहे: 'बिलाचा नंबर टाका'.